तोडलेला ऊस थांबत नाही

नवा धंदा जास्त कुठे टिकतो, शहरात की खेड्यात? शहरात गिऱ्हाईक भरपूर, बँक जवळ, कारागीर हाताशी. उत्तर उघडच वाटतं. पण अमेरिकेतले आकडे चकवतात. तिथे पाचातला एक नवा धंदा वर्षभरातच बंद पडतो, पाच वर्षांत जवळजवळ निम्मे गाशा गुंडाळतात. तरीही टिकाव धरण्यात खेडी शहरांच्या मागे नाहीत, कित्येकदा पुढेच आहेत.

याचं इंगित अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या लोणीत सापडतं. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला. पण ऊस मोठा अधीर. तोड झाली की त्यातली साखर विघटित होऊ लागते, वजन घटतं. मोळी दिवसभरात कारखान्याच्या गव्हाणीत पडली तर उत्तम. उन्हात पडून राहिली की साखरेचा उतारा घसरलाच. शिवाय शंभर किलो उसातून साखर मिळते जेमतेम दहा-अकरा किलो, बाकी बहुतेक पाणी आणि चोयट्या. एवढं ओझं शहरात नेणार कोण? इथे कारखान्यालाच शिवारात यावं लागतं.

विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. खरी गंमत मालकीत होती. ऊस घालणारा तोच, भागधारक तोच. कारखाना बंद पडला तर नुकसान त्याच्याच घरात शिरणार! शहरातला दुकानदार तोटा दिसताच शटर ओढून नोकरी धरतो. खेड्यात दुसरी वाट सहसा नसते, म्हणून माणूस धंदा नेटाने धरून ठेवतो.

अर्थात टिकणं म्हणजे भरभराट नव्हे. वाट नाही म्हणून रेटलेला धंदाही आकडेवारीत ‘टिकलेला’ म्हणूनच मोजला जातो. आणि पाऊस दगा देतो तेव्हा एकाच पिकावर उभा असलेला कारखाना हंगाम अर्धवट उरकतो. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले, विकलेही गेले. तेव्हा नव्या धंद्याचं भविष्य जोखायचं असेल, तर जागेआधी एवढं विचारावं: हा बंद पडला तर झळ कोणाकोणाला बसेल, आणि त्यांच्या हाती त्याला सावरण्याइतकी सत्ता आहे का?