अडीच तोळ्यांची बोरमाळ

वहिनी कात्रीनं दोरा कापतात आणि बोरमाळेचे मणी पितळी तबकात घरंगळतात. काट्यावरचा आकडा स्थिरावतो : 28.640 ग्रॅम. समोरच्या स्टुलावर बसलेल्या काकू निवांत आहेत. "सासूबाईंनी अडीच तोळ्यांची म्हणून घातली होती गळ्यात," त्या म्हणतात. हिशेब जुळण्यासारखा आहे. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, आणि वापरानं सोनं थोडंफार झिजतंच.

भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात, मागच्या अंगाला ही गलाईची खोली. पुढं रस्त्याच्या बाजूला वहिनींचं काचेचं कपाट, मागं दादांची भट्टी, मध्ये पडदासुद्धा नाही. भिंतीवर रेवणसिद्धाची तसबीर, म्हणजे माणूस कुठला ते विचारायला नको. विट्याच्या पलीकडचं गाव. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडं माण आणि खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पांगलेली आहेत. भिलाईची ओळख मात्र दुसऱ्या भट्टीची. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तिच्याभोवती शहर वाढलं आणि नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं इथं सेक्टरांत येऊन राहिली. काकू त्यांच्यातल्याच. यजमान प्लांटमधून निवृत्त झालेत, नातीचं लग्न ठरलंय.

दादा एक मणी चिमट्यात धरून दाबतात. पत्रा नखानंही दबेल इतका पातळ आहे. आतून काळपट-लाल भुकटी सांडते.

"काकू, आत लाख हाय. वजन उतरणार. आदीच सांगतो."

"किती उतरन?"

"वितळल्याबिगर कसं सांगू?"

मणी मुशीत जातात. गॅसची ज्योत निळी होते, आधी लाखेचा धूर उठतो, उग्र आणि थोडा गोडसर, मग दादा सवागीची चिमूट टाकतात. सोनं वितळायला 1064 अंश लागतात. मण्यांचे आकार एकेक करून कोसळतात, मळ कडेला सरकतो आणि मधोमध लख्ख, थरथरता गोळा उरतो. काकू पदर नाकाशी धरून बघताहेत. साच्यात ओतलेला पासा पाण्यात पडतो, चर्र होतं, आणि परत काटा : 21.350.

"सात ग्रॅम कुठी गेलं?" काकूंचा आवाज चढतो. "काहून एवढं कमी?"

दादा मुशीच्या कडेचा मळ खरवडून त्यांच्यापुढं ठेवतात. वाद घालत नाहीत. पुढच्या दुकानातल्या मशिनीवर टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, काढून आणतात : 88.2. वहिनी कॅल्क्युलेटर काकूंकडं फिरवतात. शुद्ध सोनं 18.830. अडीच तोळ्यांचं एवढंच. मण्यांच्या जोडांना डाख लागतो, त्यानं टंच उतरतो. तरीही 88 म्हणजे त्या काळच्या मानानं माल चांगला. मला वाटतं, माळ 1963 च्या आधीची असावी. त्या वर्षी सुवर्ण नियंत्रणाखाली 14 कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली. त्या नियमानं घडवली असती, तर टंच 58 च्या आसपास निघाला असता. अर्थात तेव्हाही सगळे सोनार नियमानंच वागत होते असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

"पासा घेऊन जावा," दादा म्हणतात, "दुसरीकडं टंच काढून या. मग बोलू."

काकूंची सून पासा रुमालात बांधून निघते. काकू स्टूल सोडत नाहीत.

मी मागं भट्टीपाशी सरकतो. 'शून्यातून धंदा उभा केला' असं अशा माणसांबद्दल लिहायची आपली रीत आहे. मला ती पटत नाही. दादा शाळा सोडून रायपूरला गाववाल्या मामाच्या दुकानात आले, भट्टीशेजारीच झोपले, तेजाबाचा वास सहन करत शिकले, हे खरं. पण लोक त्यांच्या हातात किलोकिलोचं सोनं ठेवत होते ते कशाच्या भरवशावर? अनामत म्हणून होतं ते गाव. या धंद्यात एकानं हात मारला, तर दहा बाजारांतल्या गाववाल्यांना दुसऱ्या दिवशी त्याची झळ बसते. म्हणून पहिली उधारी गाववाला देतो आणि पहिली नजरही तोच ठेवतो. हे भांडवल कुठल्या बँकेच्या कागदावर दिसत नाही. ते फेडावंही लागतं. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं, घरची शेती आता पिकते, तरी दादांना दुकान सोडून परत जाता येत नाही. त्यांच्याकडं शिकायला आलेला भाच्याच्या वयाचा पोरगा समोरच बसलाय.

तो पोरगा बंगाली कारागिरांच्या खोलीतून आणलेला केर चाळतोय. दादांची सुरुवात याच कामानं झाली. दागिना घासताना उडालेला कण जमिनीवर पडतो, चटईत शिरतो, कारागिराच्या नखात बसतो. त्या खोलीत हात धुतलेलं पाणीही मोरीत सोडत नाहीत, पिंपात साठवतात. केर जाळायचा, राख कुटायची, चाळायची, परातीत पाण्यानं खेळवत धुवायची. जड कण तळाशी राहतात. आपल्याकडं हेच काम झारेकरी करत आले. पोरगा परात माझ्याकडं कलती करतो. काळ्या गाळाच्या कडेला पिवळी रेघ आहे, केसाएवढी.

पुढं एक म्हातारी आलीय, गावाकडची. धानाचे पैसे हातात आलेत. तुटकी चांदीची ऐंठी देऊन तिला नातीसाठी नवीन घडवून घ्यायचीय. वहिनी तिच्याशी छत्तीसगढीत बोलतात, "बने हे दाई, चांदी बने हे," आणि लगेच वळून काकूंना मराठीत पाणी विचारतात. कपाटात नमुन्याला एका बाजूला ठुशी, काळी पोत, वाट्या. दुसऱ्या बाजूला सुता, करधन, पैरी. हे कपाट वहिनींचं. गलाईत ग्रॅममागं मिळतं ते थोडं, खरा पैसा घडणावळीत, हे त्यांनी ओळखलं आणि दादांना पटवायला वेळ लागला. गलाईवाल्यानं दागिने विकायला ठेवले की गिऱ्हाईक सराफ नाराज होतात. म्हणून त्या फक्त ऑर्डरचा माल करतात.

हॉलमार्कचं मी विचारतो. वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असेल, तर सूट आहे. ऐकायला मोठी रक्कम. पण भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पार गेल्यापासून चाळीस तोळेही विकायच्या आत ती संपते. "आन् सूट घिऊन करू काय?" वहिनी म्हणतात. "गिऱ्हाईक आधी शिक्का बघतंय, मग डिझाईन." हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या प्रत्येक नगावर सहा अक्षरी-आकडी खूण असते, ती मोबाइलवर टाकून वहिनी शिकाऊ पोराला ताळा करायला लावतात.

सून परत येते. दुसऱ्या दुकानात 88.0 निघालंय. काकू चिठ्ठी दोनदा वाचतात, चष्मा काढतात.

"म्हणजे सासूबाईंना बी सोनारानं लाखच विकली होती न."

"बोरमाळेत लाख असतीच, काकू," दादा म्हणतात. "त्याबिगर मणी चेपतात. सोनाराचा दोष न्हाई. वजन करताना लाख वजा धरायची, ते ऱ्हायलं असंल."

वहिनी हिशेब मांडतात. 18.830 शुद्ध म्हणजे 22 कॅरेटमध्ये साडेवीस ग्रॅम. ठुशी बारा ग्रॅममध्ये बसवता येईल, वाट्या चारात, उरलेल्यात कानातलं. काकू ठुशी हातात घेऊन मणी नखानं दाबून बघतात, एकेक.

"घडणावळ किती लावशीन?"

वहिनी आकडा सांगतात.

"एवढी? अन् माही बोरमाळ गाळायचे बी पैसे घेशीन?"

"गाळायचे ह्यांना द्या," वहिनी मागं बोट दाखवतात. "माझं दुकान येगळं हाय."