हवाबंद डब्यातील अन्न

उन्हाळ्यात सकाळी केलेली आमटी संध्याकाळपर्यंत विटते. न तापविलेले दूध काही तासांत नासते. मग हवाबंद डब्यातील फळे व भाज्या महिनोन्‌महिने कशा टिकतात?

अन्न नासते ते मुख्यतः जिवाणूंमुळे. हे सूक्ष्म जीव हवा, पाणी, माती अशा सर्व ठिकाणी असतात. फ्रान्समधील निकोलास आपेर या मिठाई करणाऱ्या गृहस्थाने एक युक्ती शोधून काढली. तो अन्न बाटलीत भरून बूच घट्ट बसवी आणि ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवी. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याची कल्पना पुढे आली. उष्णतेने आतील जिवाणू मरतात आणि घट्ट सांध्यांमुळे बाहेरचे आत शिरू शकत नाहीत, हे या युक्तीमागील रहस्य मात्र पुढे लुई पाश्चर यांच्या संशोधनामुळे उलगडले.

असे अन्न किती काळ टिकावे? १८६५ साली अमेरिकेतील मिसूरी नदीत ‘बर्ट्रंड’ नावाची आगबोट बुडाली व गाळात गाडली गेली. १९६८ साली ती सापडली, तेव्हा तिच्यात पीच, टोमॅटो, कालवे इत्यादींचे डबे मिळाले. १९७४ साली शास्त्रज्ञांनी त्यांतील काही डबे प्रयोगशाळेत तपासले. अन्नाचा ताजेपणा गेला होता, जीवनसत्त्वेही घटली होती; परंतु १०९ वर्षांनंतरही त्यात जिवाणूंची वाढ आढळली नाही.

यावरून प्रत्येक जुना डबा निर्धोक असतो, असे मात्र समजू नये. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणून कारखान्यांत भाज्या, मांस, मासे यांचे डबे दाबाखालील वाफेने सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. ही उष्णता कमी पडली, तर हा जिवाणू हवेवाचून डब्यात वाढतो व भयंकर विष निर्माण करतो. त्या विषाने स्नायू लुळे पडतात आणि श्वासही बंद पडू शकतो. विशेष म्हणजे अन्नाचा रंग, वास व चव न बदलताही हे विष त्यात असू शकते.

म्हणून डब्यावरील तारीख पाहावीच. त्याबरोबर डबाही नीट निरखावा. तो फुगलेला, गळका किंवा गंजून भोक पडलेला असेल, त्याच्या सांध्यावर पोचा आलेला असेल अथवा उघडताना आतून फवारा उडाला, तर त्यातील अन्न जिभेवरही ठेवू नये. घरातील मोठ्या माणसांना सांगावे आणि गुराढोरांच्या वा कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही, अशा रीतीने ते टाकून द्यावे.

अन्न वाया घालवू नये, ही आपल्या घरची शिकवण योग्यच आहे. परंतु असा डबा टाकल्याने फार तर थोडे पैसे जातात. त्यातील एक घास मात्र जिवावर बेतू शकतो.