वाटाड्याचे दप्तर

नित्य वापरातील यंत्रे : लेखांक सातवा

गेल्या माघात माणगावास एका स्नेह्यांकडे वास्तुशांतीचे आमंत्रण होते, आणि पुण्याहून ताम्हिणी घाटाने जावे असे ठरल्यावर, हा रस्ता माझ्या चांगला पायाखालचा आहे असे मी दोनदा बजावूनही, गाडी चालविणाऱ्या माझ्या भाच्याने मोबाइल काचेशी अडकवून निघण्यापूर्वीच ‘मॅप लावला’. घाट उतरून निजामपूर मागे टाकेपर्यंत तक्रारीस जागा नव्हती. पुढे मात्र ‘ती बाई’ (या आवाजाला आपल्याकडे अन्य नाव असल्याचे माझ्या ऐकिवात नाही) उजवीकडे वळा म्हणाली, आम्ही वळलो, आणि डांबराची खडी, खडीची माती व मातीच्या दोन चाकोऱ्या अशा पायऱ्यांनी अवनत होत तो रस्ता अखेरीस एका गोठ्याच्या कुडाशी जाऊन संपला. म्हशीला पेंढा टाकीत असलेल्या गृहस्थांनी यत्किंचितही आश्चर्य न दाखविता आमच्याकडे पाहिले. “मॅपवाले ना? सकाळपास्नं तुमची तिसरी गाडी. मागं घ्या सावकाश, पिंपळापाशी वळवायला जागा हाय.” भाचा ओशाळून म्हणाला, “मामा, सॅटेलाइटनं घोळ घातला बघा.”

उपग्रहावरील ही फिर्याद खोटी आहे, आणि ती खोटी का हे सांगण्यातच आजच्या लेखांकाचा बहुतेक मजकूर खर्ची पडणार आहे. आम्ही गोठ्यापाशी उभे आहोत ही गोष्ट मोबाइलाने उपग्रहांच्या साहाय्याने बिनचूक ओळखलीच होती. चूक झाली ती तेथून पुढे रस्ता जातो असे मानण्यात, आणि तसे मानणारे खाते सर्वस्वी निराळे आहे.

उपग्रह वरून आपणांस पाहत असतो आणि आपली गाडी कोठे आहे ते मोबाइलास कळवितो, असा समज चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींतही रूढ आहे. वस्तुतः तो उपग्रह आपणांस पाहत नाही, आपले ऐकत नाही, आणि आपण अस्तित्वात आहोत याची त्याला वार्ताही नसते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ज्या यंत्रणेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये आकाशात सोडला आणि जी १९९५ मध्ये पूर्णांशाने कामास लागली, त्या जीपीएसचे किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती दिवसाला दोन प्रदक्षिणा घालीत असतात, आणि अहोरात्र एकच उद्घोषणा करीत असतात : मी अमुक उपग्रह, मी अमुक ठिकाणी आहे, आणि आता माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. बस्स. बाकीचे सगळे अनुमान आपल्या खिशातल्या उपकरणाने काढावयाचे असते.

ते कसे, हे समजण्यासाठी अशी कल्पना करावी, की एखाद्या गावात चार दिशांना चार देवळे आहेत आणि चारही ठिकाणी सायंआरतीची घंटा अगदी एकाच क्षणी वाजविण्याचा शिरस्ता आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून मारुतीची घंटा एका सेकंदाने व विठोबाची दोन सेकंदांनी कानी आली, तर डोळे मिटून बसलेल्या मनुष्यालाही आपण मारुतीपासून ३४० मीटरांवर व विठोबापासून त्याच्या दुप्पट अंतरावर आहोत हे कळेल, आणि तिसऱ्या घंटेबरोबर गावाच्या नकाशावर त्याला आपले स्थान एका बिंदूपाशी आणता येईल. उपग्रहांच्या बाबतीत घंटेच्या ठिकाणी रेडिओलहरी आहेत आणि त्या प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास जवळजवळ तीन लक्ष किलोमीटर, धावतात; तेव्हा घड्याळ सेकंदाच्या एक कोट्यांश भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३० मीटरांची चूक होते, आणि ३० मीटरांत रस्त्याची कड बदलते.

येथे वाचकांना मागील लेखांकाचे स्मरण होईल. मनगटी घड्याळातील गारेचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो, तरीही महिन्याकाठी काही सेकंद मागेपुढे होतो, हे आपण तेथे पाहिले. मोबाइलातील घड्याळ याच कुळातले. उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात. ती खिशात मावणारी नव्हेत व परवडणारीही नव्हेत. मग या गरीब घड्याळाने त्या श्रीमंत घड्याळांशी वेळ कशी जुळवावी? योजकांनी काढलेली तोड मला फार सुंदर वाटते : स्थानासाठी तीन अज्ञाते आहेत, तशी आपल्या घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात धरावे, आणि तीनऐवजी चार उपग्रहांचे ऐकावे. चार समीकरणांत चार अज्ञाते सुटतात, आणि आपण कोठे आहोत याबरोबरच किती वाजले आहेत हेही मोबाइलास फुकटात समजते. उपग्रहांवरील घड्याळांचीही एक गंमत आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धांतानुसार ती जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या अवधीत प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक चालून जातो, म्हणून ती मुळातच किंचित मंद लावून वर पाठविली जातात. आपल्या वाटाड्याला प्रत्यक्ष आइन्स्टाइनची जामीनकी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य जनांसाठी हा संदेश बुद्ध्याच बिघडवून देत असे. तो हुकूम रद्द झाल्यावर वळणे सांगणारा वाटाड्या पुष्कळ अधिक नेमका झाला. आज रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बैदू आणि ज्याचा पहिला उपग्रह २०१३ च्या जुलैत गेला तो आपला नाविक, असे अनेक समूह आकाशात आहेत आणि नवे मोबाइल यांपैकी अनेकांचे एकदम ऐकतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलाची चूक पाचएक मीटरांची असते. उंच इमारतींच्या गल्लीत लहरी भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि चूक वाढते. द्रुतगती मार्गावरील भाताणच्या बोगद्यात तर त्या पोचतच नाहीत, आणि तेथे पडद्यावरचा बाण जो पुढे सरकत राहतो तो मागील वेगावरून व मोबाइलातील हालचाल ओळखणाऱ्या साधनांवरून केवळ अंदाजपंचे. शिवाय हा बाण जेथे दिसतो तेथेच आपले मोजलेले स्थान असते असेही नाही. मोजणीतील चूक झाकण्यासाठी ॲप त्याला जवळच्या रस्त्यावर उचलून बसविते. पुण्याच्या चांदणी चौकात एकावर एक व एकाशेजारी एक असे रस्ते झाल्यापासून ‘ती बाई’ पुलावरच्या माणसास सेवारस्त्याच्या सूचना का देते, याचे उत्तर यात आहे.

घाटात नेट गेले की मॅप बंद पडतो, ही तक्रारही अशीच अर्धी खरी आहे. उपग्रहाचे ऐकण्यासाठी नेट लागत नाही. सगळ्या उपग्रहांचे स्थूल पंचांग त्यांच्याच संदेशातून उतरवून घ्यावयास साडेबारा मिनिटे लागतात, ते नेटवरून क्षणात मिळते, इतकाच तेथे नेटचा उपयोग. हरवतो तो नकाशा. तेव्हा ताम्हिणी, वरंध अशा घाटांना निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या मुलखाचा नकाशा मोबाइलात उतरवून घ्यावा. नेट नसतानाही बाण चालत राहील.

आता ज्या खात्यामुळे आम्ही गोठ्याशी पोचलो त्याकडे वळतो.

पडद्यावर नकाशा म्हणून जे चित्र दिसते ते आपल्या समाधानासाठी असते. यंत्राच्या लेखी नकाशा म्हणजे एक अवाढव्य दप्तर. दोन फाट्यांमधला रस्त्याचा प्रत्येक तुकडा ही त्यातील एक नोंद, आणि तीपुढे लांबी किती, एकेरी की दुहेरी, कोणत्या वर्गाचा, कोणते वळण मना, सामान्यतः वेग किती, असे रकाने. ज्यांनी तलाठ्याच्या चावडीत सातबारा पाहिला आहे त्यांना याची निराळी ओळख करून द्यावयास नको. १८०२ मध्ये मद्रासेजवळ लॅम्टनने जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली तीत माणसे साखळ्या व दुर्बिणी घेऊन रानोमाळ हिंडत. आजचे दप्तर उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे, कॅमेरे लावलेल्या मोटारी, सरकारी कागद आणि वापरणाऱ्यांनी कळविलेल्या दुरुस्त्या यांवरून भरले जाते. वरून काढलेल्या छायाचित्रात गवतातून जाणारी फिकट रेघ दिसते. ती एसटीची वाट की बैलगाडीची पाणंद, हे रेघ सांगत नाही. आपल्या जुन्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविण्याचा कटाक्ष असे. नव्या दप्तराने हा विवेक पुष्कळ ठिकाणी गमावला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या बाबतीत नुकसान झाले ते वीस मिनिटांचे. सर्वांचे नशीब तसे नसते. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईस निघालेली पुण्याची एक गाडी अकोले तालुक्यात रात्रीच्या अंधारात मॅपने दाखविलेल्या वाटेने सरळ पाण्यात गेली आणि चालकाचा अंत झाला. रस्ता कागदोपत्री होता. त्यावरील पूल धरणाच्या फुगवट्याखाली बुडालेला होता. ही गोष्ट गावकऱ्यांस ठाऊक होती, दप्तरास नव्हती.

दप्तरातील लाखो तुकड्यांतून एक वाट निवडण्याची रीत मात्र निर्दोष आहे, आणि तिची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. १९५६ मध्ये एट्सखर डाइक्स्ट्रा नावाचा तरुण डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूसह ॲम्स्टरडॅममध्ये खरेदीला गेला असता, दमून एका कॉफीगृहाच्या ओसरीवर टेकला, आणि तेथे वीस मिनिटांत, कागदपेन्सिलीवाचून, एका गावाहून दुसऱ्या गावास जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची युक्ती त्याने मनातल्या मनात सिद्ध केली. ती छापली गेली १९५९ मध्ये. पुण्यास पाण्याचा लोंढा सोडला आणि तो सर्व रस्त्यांनी, ज्या रस्त्यावर जो वेग शक्य त्या वेगाने, एकाच वेळी पसरत गेला, तर माणगावास ज्या धारेचे पाणी सर्वांआधी पोचेल तीच जवळची वाट; युक्तीचे सार एवढेच. सगळ्या देशाच्या रस्त्यांवर प्रत्येक प्रवाशासाठी असा लोंढा सोडणे जड जाते, म्हणून पुढे २००८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी महत्त्वाच्या फाट्यांमधल्या मजला आधीच मोजून ठेवण्याची सुधारणा केली. हमरस्ता गाठेपर्यंतच गल्लीबोळांचा विचार करावा आणि मग तो मुक्काम जवळ येईपर्यंत सोडून द्यावा, हा एसटीच्या जुन्या चालकाचा विचार त्यातून आपोआप घडतो.

वेगाचा रकाना तेवढा क्षणोक्षणी बदलता असतो आणि तो आपणच भरतो. ज्यांच्या मोबाइलात स्थान कळविण्याची मुभा चालू आहे, त्यांच्या हालचालींवरून कोठे वाहतूक तुंबली ते ठरते. ही जबानी कितपत विश्वसनीय? फेब्रुवारी २०२० मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलावंताने ९९ जुने मोबाइल एका लहानशा हातगाडीत घालून ती बर्लिनच्या रस्त्यांतून पायी ओढत नेल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. मोकळे रस्ते मॅपवर लाल होत गेले होते. माणगावच्या वाटेवर तो लबाड हातगाडीवाला नव्हता. तेथे हमरस्त्यावर खरोखरच गर्दी होती; लोंढ्याला एक फट सापडली, तिच्या नोंदीपुढे ‘रस्ता’ असे लिहिलेले होते, आणि तीन मिनिटे वाचत होती. एवढ्या तीन मिनिटांसाठी कोणताही शहाणा मनुष्य अनोळखी पाणंदीत मोटार घालणार नाही. यंत्र घालते, कारण मिनिटे मोजण्याचा त्याला हुकूम आहे आणि संकोच वाटण्याचा नाही. अशा वेळी वाट अरुंद होऊ लागताच गाडी थांबवून काच खाली करावी आणि दिसेल त्याला विचारावे. चार मिनिटे मोडतात, पण पिंपळापाशी वळायला जागा आहे की नाही हे त्यालाच ठाऊक असते.

परतीच्या वेळी भाच्याने ‘ती बाई’ गप्प करून ठेवली होती. घाट संपेपर्यंत मी रस्ता सांगत होतो, आणि मुळशीच्या अलीकडे एक वळण माझेही चुकले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. घरी आल्यावर, ॲपमध्ये दुरुस्ती कळविण्याची जी सोय असते तिचा आधार घेऊन, त्या गोठ्याकडे जाणारी वाट मोटारीची नव्हे अशी नोंद आम्ही छायाचित्रासह पाठविली. याला अडीच महिने झाले. फेरफार अद्याप मंजूर व्हावयाचा आहे.