बीटीचे दशक आणि वगळलेले रकाने

1982 साली पोलंडमध्ये पाव्लाक यांनी रफ सेटची आणि जर्मनीत रुडॉल्फ विले यांनी संकल्पना-जालकाची मांडणी केली. पुढे दोन्ही विचार एकत्र येऊन, वर्गीकरणातील कोणता गुणधर्म वगळला तरी चालतो, हे ठरवण्याची रीत सिद्ध झाली. तक्त्याच्या ओळींत वस्तू आणि रकान्यांत गुणधर्म मांडले, की वस्तूंचा एक गट आणि त्या साऱ्यांत (आणि एकत्रितपणे फक्त त्यांच्यातच) आढळणारे सगळे गुणधर्म यांची जोडी म्हणजे संकल्पना. तक्त्यातील एखादा रकाना काढूनही तेच गट कायम राहिले, तरच तो रकाना अनावश्यक ठरतो.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातील कपाशी पोखरली, तेव्हापासून या कसोटीवर 2002 ते 2012 हे दशक तपासून पाहणे भाग आहे. 2002 पूर्वी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेएच-081, रजत असे सरळ वाण निवडताना पिकाचा कालावधी, कोरडवाहूत तग, तुडतुड्यांना सहनशीलता, धाग्याची लांबी आणि घरची सरकी पुन्हा पेरता येणे, असे अनेक रकाने जमेस धरले जात. मार्च 2002 मध्ये बोंडअळीला मारक असे जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली आणि कृषी केंद्राच्या गल्ल्यावर एकच प्रश्न उरला: बीटी आहे का? दशकाअखेर देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली. आता, जो गुणधर्म तक्त्यातील प्रत्येक वस्तूत आहे तो कोणताही भेद दाखवीत नाही, म्हणून ही रीत सर्वप्रथम तोच रकाना काढून टाकते. बाजाराने नेमका तेवढाच ठेवला आणि भेद दाखवणारे बाकी सारे पुसले, हा या दशकाचा खरा अपराध होय. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी सरकी मिळे. अळीत प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये म्हणून ती शेताच्या कडेने पेरायची असे. त्या रकान्याला अर्थ देणारी तेवढीच ओळ शिल्लक होती, आणि तीही बहुतेक शेतांत पेरली गेली नाही.

शिवाय कोणता रकाना गाळता येतो हे तक्त्यातील ओळींवर अवलंबून असते. ओलिताच्या शेतात कालावधीचा रकाना कदाचित गाळता आला असता. पण अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूजल खारे असल्यामुळे विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही, तिथे लांबलेली पऱ्हाटी बोंडे भरण्याच्या वेळी कोरडी पडते, आणि जिथे पाणी मिळून फरदड (हंगामानंतरही उभी ठेवलेली कपाशी) राखली जाते तिथे तीच बोंडअळीला हिवाळाभर पोसते. तरीही दोन्ही शिवारांत एकाच पाकिटाची शिफारस होत राहिली.