कोड-शेअर: करार कंपन्यांचा, परवानगी सरकारांची

तिकिटावर नाव एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे, असे झाले की प्रवासी गोंधळतात. यामागे बहुधा कोड-शेअर (एका कंपनीच्या उड्डाणावर दुसरीने स्वतःचा क्रमांक लावून तिकिटे विकणे) असते. आरक्षण एका ट्रॅव्हल्सकडे करावे आणि गाडी तिच्या भागीदाराची यावी, तसेच हे.

दोन कंपन्यांचे जमले की असा करार होतो, हा समज अपुरा आहे. 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावर सार्वभौमत्व असते. म्हणून आंतरराष्ट्रीय सेवेसाठी द्विपक्षीय करार (दोन सरकारांमधील समझोता) लागतो. मार्ग, शहरे, आठवड्याच्या फेऱ्या किंवा आसने त्यात ठरतात. भारत-दुबई मार्गावर 2014 मध्ये ही मर्यादा प्रत्येक बाजूस आठवड्याला सुमारे 65 हजार आसनांची झाली. कोड-शेअरची मुभाही अशाच करारांतून मिळते. काही करारांत तिच्यावरही संख्येचे बंधन असते. हक्क थोडे आणि इच्छुक कंपन्या अधिक असल्या, की स्पर्धा होते. तेव्हा वाटप सरकार करते. अमेरिकेत हे काम परिवहन विभागाकडे आहे.

तिकीट काढताना प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालवणार, ते अवश्य पाहा. चेक-इन बहुधा तिच्याच काउंटरवर होते.