हद्द विचारा, मग भाडं

भोसरीत पहिली खोली बघायला गेलो तेव्हा शेजारच्या काकूंनी नाव-गाव विचारलं आणि म्हणाल्या, "बाळा, खोली नंतर बघ. आधी वर जाऊन टाकी बघ, केवढी आहे ती." मालक भाडं सांगत होता, एजंट खिडकी उघडून हवा दाखवत होता. टाकीचा विषय काढला तो फक्त काकूंनी. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहण्याबद्दल खरं सांगतो तो रोज पाणी भरणारा आणि पहिल्या शिफ्टला जाणारा माणूस, हे तेव्हापासून माझं पक्कं मत आहे. नव्याने येणाऱ्यांचे पाच गैरसमज पुढे मांडतो.

गैरसमज: पवना धरण भरलं की पाण्याची चिंता मिटली.

नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी येतं, आणि त्यानंतर धरण अनेकदा काठोकाठ भरलं आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होतं. म्हणजे धरणात किती आहे यापेक्षा रोज किती उचलता आणि शुद्ध करता येतं, यावर नळ अवलंबून. धरणातून थेट बंद जलवाहिनी आणायचं ठरलं तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला आणि काम थांबलं. आपल्या नळामागे हे घडलं आहे, ते नव्या रहिवाशालाही ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. पुढे आंद्रा धरणाचं पाणी चिखलीच्या केंद्रातून मिळू लागलं, पण तोवर वस्तीही वाढली होती.

म्हणून विचारायचं ते हे: पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि टाकी दोन दिवस पुरते का? सोसायटी असेल तर टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा? एप्रिल-मे महिन्यांचा हिशेब मागून बघा. पावसाळ्यातला दाखवला तर त्यावर विसंबू नका.

गैरसमज: घरपट्टीची पावती आहे, म्हणजे घर अधिकृत.

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. चिखली, तळवडे, मोशीकडे अर्धा-एक गुंठ्याचे तुकडे विकले गेले. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. ओव्हरटाइम करून साठवलेले पैसे घेऊन माणूस जातो. समोरचा प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून ओट्यावर मांडतो: घरपट्टीची पावती, वीजबिल, नोटरीचा शिक्का मारलेला करार. तिन्ही कागद खरे असतात, आणि तिन्हींतला एकही बांधकामाची परवानगी नसतो. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर घेते. शास्तीकर तर अनधिकृत म्हणूनच लावला होता. 2023 मध्ये थकीत शास्ती माफ झाली. माफी कराला मिळाली, बांधकाम त्यामुळे नियमित झालं नाही.

नदीकाठी तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. 17 मे 2025 रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. ते पत्र्याचे शेड नव्हते, बंगले होते. सातबारा महसूल खात्याकडे, आणि मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, पूररेषा महापालिकेत, हे चारही स्वतः जाऊन बघा. एजंटला पाठवू नका.

गैरसमज: चाकण म्हणजे पिंपरी-चिंचवडच.

पोलिसांपुरतं खरं आहे. 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात चाकण येतं. पण चाकण खेड तालुक्यात आहे, 2015 पासून तिथे स्वतःची नगरपरिषद आहे, आणि कुरुळी, निघोजे, खराबवाडीत ग्रामपंचायती. नळ, कचरा, दाखला, यांसाठी दार हद्दीप्रमाणे वेगळं. म्हणून तिकडे खोली घेताना पहिला प्रश्न हद्दीचा.

पत्त्याचंही तसंच. महाळुंगे दोन आहेत, एक चाकणजवळचं महाळुंगे इंगळे आणि दुसरं बालेवाडीपलीकडचं म्हाळुंगे. मुलाखतीला निघालेला एक पोरगा चुकीच्या गावात उतरून, घामाने भिजलेल्या शर्टात, फाईल छातीशी धरून रस्ता विचारत होता. दुसरं गाव तिथून तासाभराहून लांब होतं. पिंपळे तर तीन: गुरव, सौदागर आणि निलख. रिक्षात बसताना पूर्ण नाव सांगा.

गैरसमज: नाशिक फाट्यापासून चाकण वीसेक किलोमीटर, अर्ध्या तासात पोहोचू.

रविवारी पहाटे, कदाचित. एरवी मोशीपासून पुढे कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि दुचाक्या एकाच रस्त्यावर असतात आणि चाकणच्या तळेगाव चौकात सगळं अडतं. मेट्रो या बाजूला नाही. शिफ्ट सुटायच्या वेळा कंपनीतल्या जुन्या माणसाला विचारा आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे निघा. नोकरी चाकणला असेल तर वाकडचा सुंदर फ्लॅट घेऊ नका, हे मी माझ्या भावालाही सांगेन.

गैरसमज: सुट्टी म्हणजे रविवार.

पिंपरी-भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. चाकणच्या मोठ्या कंपन्यांत कंपनीगणिक वेगळं. महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. तुमचा पाण्याचा दिवस गुरुवारी येत असेल, तर वीज जायच्या आत, सकाळीच मोटर लावून टाकी भरून घ्या.