जुना कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी

दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटे घेतो म्हणून तो विकायला निघालेल्या व्यापारी बांधवांना आम्ही सांगू, आधी हार्डडिस्क बदला. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते, तरी माहिती शोधण्यात वेळ जातोच. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, आणि जुन्या मदरबोर्डच्या साटा जोडणीवरही ती चालते.

रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही. विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीपुढची रॅम फुकट जाते.

मात्र उधारीच्या खात्यांची नक्कल आधी पेनड्राइव्हवर घ्या. आम्ही ती घेतली नव्हती. दोन वर्षांची येणी गिऱ्हाइकांच्या तोंडी हिशेबावर वसूल करावी लागली. जुनी डिस्कही कारागिराकडे सोडू नका, घरी आणा.